फाइल कुणाच्या नावावर?

डिसेंबर उजाडला की आपल्याकडे एक ठराविक लगीनघाई सुरू होते. मुलगा न्यू जर्सीहून किंवा डॅलसहून तीन आठवड्यांच्या रजेवर येतो. पहिल्या आठवड्यात कांदेपोहे, दुसऱ्यात साखरपुडा, तिसऱ्यात मिळेल त्या हॉलमध्ये लग्न. परतीच्या विमानात तो एकटाच बसतो आणि मुलगी माहेरी किंवा सासरी थांबते. 'व्हिसा आला की जाईल', हे त्या घरात आल्यागेल्याला द्यायचे उत्तर होऊन बसते. काहींचा व्हिसा येतो आणि संसार सुखाचे होतात. बहुसंख्यांचे होतात, हे आधीच मान्य करून टाकू. पण डोंबिवलीत, कोथरूडमध्ये, नाशिकच्या कॉलेज रोडवर, पर्वरीत अशीही घरे आहेत जिथे व्हिसा आलाच नाही, किंवा आला आणि वर्षभरात मुलगी एक बॅग घेऊन परत आली. ती घरे तुम्हाला ठाऊक आहेत, मलाही आहेत. 'नशीब एकेकीचे' म्हणून आपण विषय बदलतो.

यात नशिबाचा वाटा थोडा आहे. उरलेला सगळा कायद्याचा, कागदांचा आणि आपल्या सामूहिक आळसाचा आहे. जोडीदाराला परदेशी नेण्यासाठी जी स्पॉन्सरशिप लागते, तिने एका माणसाच्या हाती दुसऱ्या माणसावर किती मोठी सत्ता येते, हे आपण लग्नाआधी समजून घेत नाही आणि नंतर समजले तरी चारचौघांत बोलत नाही. म्हणून हे मुद्दे. बोलणे अमेरिकेपुरतेच ठेवले आहे, कारण तिथले नियम मला नीट ठाऊक आहेत आणि आपली सर्वाधिक 'परदेशातली स्थळे' अजून तिथलीच असतात.

१. अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आपल्या जोडीदारासाठी जो अर्ज भरतो त्याला आय-१३० म्हणतात. त्या अर्जात नवरा अर्जदार असतो आणि बायको लाभार्थी. (उलटही असते, त्याकडे पुढे येऊच.) पोच त्याच्या पत्त्यावर जाते, फी तो भरतो, वकील नेमला तर तो त्याचा असतो. आणि बायको कायम रहिवासी म्हणून अमेरिकेत पाऊल टाकेपर्यंत तो अर्ज त्याला केव्हाही मागे घेता येतो. त्यासाठी कोर्टात जावे लागत नाही, कारण पटवून द्यावे लागत नाही, तिची सही तर लागतच नाही. एक पत्र पुरते. इकडे चारशे माणसांच्या पंगती उठलेल्या असतात, कर्ज काढून हॉल घेतलेला असतो, मुलीने बँकेतली नोकरी सोडलेली असते आणि तिकडे एका पत्राने सगळे संपू शकते. बहुतेक नवरे असे पत्र लिहीत नाहीत, हे खरे. पण लिहिता येते, एवढ्यावरच घरातल्या प्रत्येक भांडणाचे वजन बदलते. संसार दोघांचा असला तरी फाइल एकाची आहे, आणि हे मुलीला बोहल्यावर चढण्याआधी सांगणे आपले कर्तव्य आहे.

२. 'मुलगा अमेरिकेत सेटल आहे' या एका वाक्यात कायद्याच्या दृष्टीने तीन वेगवेगळे मुलगे लपलेले असतात. पहिला अमेरिकेचा नागरिक. त्याच्या बायकोच्या व्हिसाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. अर्ज मंजूर होणे, मग नॅशनल व्हिसा सेंटरकडे कागद, मग वैद्यकीय तपासणी आणि मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत, यात वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ जातो, पण रांग अशी नसते. दुसरा ग्रीन कार्डधारक. त्याच्या बायकोला एफ-२ए नावाच्या रांगेत उभे राहावे लागते, तिथे दर वर्षी ठरावीक संख्येनेच व्हिसा मिळतात, आणि अलीकडे ही प्रतीक्षा दोन-तीन वर्षांवर गेली होती. मधल्या काळात 'महिनाभर भेटून येते' म्हणून पर्यटक व्हिसा मागावा, तर तोही सहसा मिळत नाही. जिने कायम राहायला यायचे आहे असे कागदावर लिहून दिले आहे, ती फिरून परत जाईल यावर अधिकारी कसा विश्वास ठेवणार? तिसरा एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणारा. तो बायकोसाठी इमिग्रंट व्हिसाचा अर्ज करूच शकत नाही. ती त्याच्या मागोमाग एच-फोरवर जाते. एच-फोरवाल्यांना नोकरीची मुभा २०१५ पासून मिळू लागली, तीही सरसकट नाही. नवऱ्याचे ग्रीन कार्डचे प्रकरण एका टप्प्यापुढे गेले असेल तरच. इंजिनिअर मुलगी तिथे जाऊन चार-पाच वर्षे घरात बसते ती या नियमामुळे. आणि घटस्फोट झाला की नवऱ्याच्या आधाराने मिळालेला तिचा दर्जाही संपतो.

आता सांगा, आपल्या बैठकीत यातले काय विचारले जाते? पगार विचारला जातो, तोही डॉलरमध्ये, आणि मुलीचे काका तिथल्या तिथे मोबाइलवर त्याचा रुपयांत गुणाकार करतात. घर स्वतःचे आहे का, आई-वडील तिकडे जाऊन-येऊन असतात का, दारू 'ऑकेजनली' म्हणजे किती, हेही विचारले जाते. छत्तीस गुणांपैकी किती जुळले यावर तासभर चर्चा होते. पण 'तुमच्याकडे पासपोर्ट तिथला आहे, ग्रीन कार्ड आहे की एच-वन?' हा पाच सेकंदांचा प्रश्न विचारायला सगळ्यांची जीभ अडखळते. ज्या उत्तरावर मुलीची पुढची पाच वर्षे ठरणार, तेच उत्तर न घेता आपण सुपारी फोडतो.

३. ही घाई नुसत्या रजेचीच असते असेही समजू नका. नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्डसाठी थांबलेल्या मुलाचे लग्न कार्ड मिळण्याआधी झाले, तर बायको त्याच्याच प्रकरणात सामावली जाते. कार्ड हाती पडल्यावर लग्न केले, तर तिला वर सांगितलेल्या एफ-२ए रांगेत जावे लागते. भारतीयांची ही नोकरीवाली रांग वर्षानुवर्षांची. त्यामुळे कधी एकदाची 'डेट करंट होईल', म्हणजे आपला नंबर लागेल, असे दिसू लागले की तिकडून पुण्याला फोन येऊ लागतात: आता बघाच, या हिवाळ्यात उरकू. यात फसवणूक नाही. कायद्याने दिलेली सोय शहाणा माणूस वापरणारच. पण मुहूर्त दाते पंचांगातून निघाला असे मुलीला वाटत असते आणि तो निघालेला असतो अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनातून. तिला हे सांगितले तर ती कदाचित आनंदाने हो म्हणेल, कदाचित चार महिने मागेल. निर्णय तिचा आहे, तर कारण तिच्यापासून का लपवायचे?

४. 'आमच्यावर विश्वास नाही का?' या एका प्रश्नाने मुलीकडची माणसे गार होतात. कागद मागणे म्हणजे अपमान, असा आपला समज. म्हणून जरा पाहू या, लग्नानंतर तोच मुलगा अमेरिकी सरकारला काय काय देतो. आपले नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डचा पुरावा. कराच्या विवरणपत्राची प्रत. नोकरीचे पत्र आणि पगाराच्या चिठ्ठ्या. आधी लग्न झाले असेल तर ते मोडल्याचा कोर्टाचा हुकूम. कराचे विवरणपत्र तर फार बोलके असते: त्यात तो अविवाहित म्हणून कर भरतो की विवाहित म्हणून, हे साध्या रकान्यात लिहिलेले असते. हे सगळे तो निमूटपणे देतो, कारण दिले नाही तर व्हिसा मिळत नाही. मग हेच कागद तीन महिने आधी होणाऱ्या बायकोला दाखवायला कसली लाज?

बीकेसीत एखाद्या सकाळी वकिलातीबाहेरचे चित्र पाहा. आत मोबाइल चालत नाही, म्हणून वडील फुटपाथवर दोन-दोन फोन सांभाळत उभे. मुलीच्या हातात पारदर्शक फाइल. त्यात नोंदणीचा दाखला, पोलीस क्लिअरन्स, जन्मदाखला, हळदीपासून सत्यनारायणापर्यंतचे फोटो, विमानाची जुनी तिकिटे, दोघांच्या कॉल्सचे तपशील. खिडकीपलीकडचा अनोळखी अधिकारी तिला विचारतो: नवरा कुठे काम करतो, त्याला भावंडे किती, ओळख कशी झाली, आधी लग्न झाले होते का. तिच्या स्वतःच्या घरी हे प्रश्न इतक्या स्पष्टपणे कुणीच विचारलेले नसतात. लग्न खरे की खोटे याची चौकशी परक्या देशाचा कारकून करतो आणि मुलीचा मामा करत नाही, ही आपल्याला शोभणारी गोष्ट आहे का?

५. आता त्या कागदाबद्दल, जो त्या फाइलमध्ये असतो आणि जो जवळजवळ कुणीच वाचत नाही. त्याचे नाव आय-८६४, म्हणजे पोषणाची हमी. यावर सही केल्याशिवाय नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आपल्या जोडीदाराला कायमचे नेऊ शकत नाही. स्पॉन्सरचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते; २०२५ च्या आकड्यांप्रमाणे दोघांच्या कुटुंबाला हे वर्षाला साधारण साडेसव्वीस हजार डॉलर होते. बाकी सगळे याला एक औपचारिकता समजतात: पगार दाखवला, सही केली, झाले.

पण हा अमेरिकी सरकारशी केलेला करार आहे. तो सांगतो की आलेल्या व्यक्तीचे उत्पन्न त्या १२५ टक्क्यांच्या खाली जाऊ देणार नाही ही जबाबदारी माझी. ही जबाबदारी कधी संपते? ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक झाली, किंवा तिच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या जमा झाल्या (म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी), किंवा ती कायमचा दर्जा सोडून देशाबाहेर गेली, किंवा मरण पावली, तर. यादीत घटस्फोट नाही. पुन्हा वाचा: घटस्फोटाने ही हमी संपत नाही. आणि जिच्यासाठी हमी दिली, ती स्वतः तिथल्या कोर्टात जाऊन तो पैसा मागू शकते.

याचा अर्थ काय होतो ते लक्षात घ्या. एडिसनच्या एखाद्या अपार्टमेंटमधून 'निघ इथून' म्हणून बाहेर काढलेल्या, हातात ग्रीन कार्ड असलेल्या मुलीकडे दाद मागण्यासाठी एक सही केलेला कागद असतो. पण तिला तो माहीतच नसतो! मुलाखतीला तीच तो फाइलमधून घेऊन गेली होती, खिडकीत दिला आणि विसरली. तिच्या आई-वडिलांनी झेरॉक्स ठेवली नाही. मैत्रिणींनी 'परत ये, इथे बघू' म्हटले. ती परत आली, आणि कायमचा दर्जा सोडून परत आली की वरच्या यादीप्रमाणे हमीही संपते. म्हणजे हक्क असताना तो हातचा गेला, आणि घालवायला सगळ्यांनी प्रेमाने मदत केली. अर्थात हे संरक्षण तिथे पोहोचलेल्यांसाठी आहे. एच-फोरवर गेलेलीला ते नाही, आणि इथे व्हिसाची वाट पाहत बसलेलीलाही नाही. म्हणूनच दुसऱ्या मुद्द्यातला तो पाच सेकंदांचा प्रश्न इतका महत्त्वाचा. कायद्याने दिलेली ढाल अज्ञानापायी फाइलीत पडून राहते, याची जबाबदारी फक्त त्या बाविशी-पंचविशीतल्या मुलीवर टाकायची का?

६. लग्नाला दोन वर्षे व्हायच्या आत बायको तिथे पोहोचली तर तिला मिळणारे ग्रीन कार्ड दोन वर्षांचेच, सशर्त असते. खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी १९८६ साली हा कायदा झाला. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग शर्त उठते. 'दोघांनी मिळून' हे शब्द वाचायला गोड आहेत. ज्या घरात हात उगारला जातो, त्या घरात ते दोन वर्षांची धमकी होतात: बोललीस तर सही करणार नाही, सरळ मुंबईच्या विमानात बसवीन. अनेक मुली हे खरे मानून सोसतात. खरे तर लग्न प्रामाणिकपणे केले होते पण घटस्फोट झाला, किंवा घरात छळ होतो, असे दाखवता आले तर तिला एकटीने अर्ज करता येतो. नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या छळ सोसणाऱ्या जोडीदाराला तर नवऱ्याला पत्ता लागू न देता स्वतःचा अर्ज करण्याची सोय आहे. घटस्फोट झाला असेल तर त्यापासून दोन वर्षांच्या आत.

अमेरिकी सरकारच हे सगळे सांगणारी एक पत्रिका व्हिसा घेणाऱ्या जोडीदारांसाठी तयार करते. २००५ च्या ज्या कायद्याने ती आली, त्यात तिचे भाषांतर कोणकोणत्या भाषांत हवे याची यादी आहे. त्यात हिंदी आहे, टागालोग आहे, युक्रेनियन आहे, मराठी नाही. अमेरिकी संसदेकडून मराठीची अपेक्षा करणे मला काही तितकेसे योग्य वाटत नाही. पण चार पानांचे भाषांतर आपले आपण करायला कुणी अडवले होते? अभिजात दर्जाचा जल्लोष करणाऱ्या भाषेत, छळातून सुटायचा रस्ता सांगणारे एक साधे पत्रकही प्रत्येक लग्नघरात पोहोचू नये?

७. मुलगी बळी आणि मुलगा खलनायक, एवढे सोपे हे नाही. आज आपल्या कितीतरी मुली तिथल्या नागरिक आहेत आणि नवऱ्याला त्या स्पॉन्सर करतात. एच-फोरवर घरात बसून पोळ्या लाटणारे, आणि त्याबद्दल इथल्या मित्रांशी चकार शब्द न बोलणारे इंजिनिअर नवरेही आहेत. सत्ता फाइलीत आहे, लिंगात नाही. दुसरे, स्पॉन्सरही फसतो: कार्ड मिळेपर्यंत गोड राहून नंतर निघून जाणारे जोडीदार असतात, आणि पाचव्या मुद्द्यातली हमी तेव्हाही त्याच्या गळ्यात राहते. तिसरे, स्पॉन्सरचे उत्पन्न कमी पडले की 'जॉइंट स्पॉन्सर' शोधतात, आणि शिकागोतला कुणी मामा 'अरे, त्यात काय' म्हणून सही ठोकतो. त्या मामाला ठाऊक नसते की भाच्याचा संसार मोडला तर भाचेसुनेच्या पोटापाण्याला तोही तितकाच बांधील आहे.

शिवाय प्रामाणिक स्पॉन्सरच्या हातातही सगळे नसते. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा, हा नागरिकाचा घटनात्मक मूलभूत हक्क नाही. वकिलातीने नाही म्हटले की बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. म्हणून 'आमचा मुलगा तिकडे सगळे बघून घेईल', ही छातीठोक ग्वाही देण्याचा अधिकार कोणत्याच सासूला नाही.

८. दिल्लीकडे वळू. १९९१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशी कोर्टाचा घटस्फोट इथे आपोआप मान्य होत नाही. लग्न ज्या कायद्याने झाले त्या कायद्यातले कारण हवे आणि दुसऱ्या पक्षाने ते कोर्ट खरोखर स्वीकारलेले हवे. ही गरज उगाच पडली नव्हती: नेवाडासारख्या राज्यात सहा आठवडे राहिले तरी घटस्फोटाचा दावा टाकता येतो, आणि इथल्या बायकोला नोटीस हाती पडते तेव्हा उत्तर द्यायला ना पैसा असतो ना व्हिसा. १९९४ मध्ये न्यायालयाने पुढे जाऊन सरकारला सुचवले की अनिवासी भारतीयाशी भारतात झालेले लग्न परदेशी कोर्टाने रद्द करू नये, आणि बायकोला पुरेशी पोटगी मिळेल असा कायदा करा. २००९ मध्ये विधी आयोगाने अहवाल दिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत विधेयक मांडले गेले: अनिवासी भारतीयाने लग्नाची नोंदणी ३० दिवसांत करावी, न केल्यास पासपोर्ट जप्त होऊ शकेल. २०२४ च्या फेब्रुवारीत विधी आयोगाने पुन्हा एक अहवाल दिला, नोंदणी सक्तीची करा आणि पासपोर्टवर वैवाहिक स्थिती नोंदवा, असे सांगितले. तीस वर्षांत निकाल, अहवाल, विधेयक, पुन्हा अहवाल. तेव्हा लग्न झालेल्या मुलींच्या मुली आता उपवर झाल्या.

मदतीच्या सोयी नाहीत असे नाही. राष्ट्रीय महिला आयोगाकडे यासाठी स्वतंत्र कक्ष आहे, आणि परदेशातल्या आपल्या वकिलातींकडे २००९ पासूनच्या कल्याण निधीतून वकिलाच्या खर्चाला हातभार मिळू शकतो. मूल असेल तर गुंता आणखी वाढतो. भारत मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात सामील नाही. त्यामुळे अमेरिकेत जन्मलेले मूल घेऊन घाबरून परतलेली आई इथे आसऱ्याला येते, पण तिथल्या कोर्टाच्या कागदांत तिच्यावर अपहरणाचा ठपका बसू शकतो. अशा बाईने पहिला फोन कुणाला करायचा, हे सरकारने तिला लग्नाच्या दाखल्यासोबत छापून द्यायला काय हरकत होती?

९. आपल्या मंडळांचे काय? उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, गावोगावची महाराष्ट्र मंडळे आहेत. दर दोन वर्षांनी अधिवेशन भरते, ढोल-ताशे वाजतात, वधू-वर मेळावेही होतात. या मंडळींनी आपली भाषा तिकडे टिकवली, त्याबद्दल आदर आहेच. पण मेळाव्यात नाव नोंदवताना 'इमिग्रेशनची स्थिती' हा रकाना सक्तीचा आणि कागद पाहून भरलेला असावा, एवढे का होऊ नये? नव्याने आलेल्या सुनेला पहिल्या गणपतीत मंडळातल्या एखाद्या वयस्क बाईने बाजूला घेऊन आपला नंबर द्यावा, तिच्या पासपोर्टची आणि आय-८६४ ची प्रत तिच्याकडे आहे ना हे विचारावे. याला ठराव लागत नाही, निधी लागत नाही. अडचण वेगळी आहे. मुलाला सगळे मंडळ दहा वर्षे ओळखते, सुनेला कुणीच ओळखत नाही, आणि वाद निघाला की 'दोघांच्या भांडणात आपण कशाला' म्हणत मंडळ तटस्थ राहते. जिथे एकाच्या हातात फाइल आहे, तिथे तटस्थ राहणे म्हणजे फाइलवाल्याच्या बाजूने उभे राहणे.

१०. शेवटचा मुद्दा आपल्या हातातला. विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्याला त्यात कायदा करता येतो. महाराष्ट्रात तो आहेही: १९९८ चा अधिनियम, आणि त्याच्या नावातच विवाह नोंदणीच्या जोडीला विवाह मंडळांचे विनियमन आहे. वधू-वर सूचक मंडळांवर लक्ष ठेवण्याचे काम आपल्या विधिमंडळाने पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वीच अंगावर घेतले होते! तेव्हा दिल्लीच्या विधेयकाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. नियमांत चार गोष्टी घाला. परदेशस्थ पक्षाचा पासपोर्ट क्रमांक, तिथला पत्ता, नोकरीचे ठिकाण आणि व्हिसाचा प्रकार नोंदणीच्या वेळी कागद पाहून नोंदवा. आधीचे लग्न मोडले असेल तर त्याचा हुकूम जोडायला लावा. पैसे घेऊन परदेशातली स्थळे सुचवणाऱ्या मंडळांना आणि संकेतस्थळांना ही माहिती तपासूनच पुढे देण्याची सक्ती करा. आणि दाखल्यासोबत हक्कांचे एक मराठी पत्रक दोघांच्याही हातात ठेवा. निबंधकाच्या टेबलावर दहा मिनिटांचे काम वाढेल. ज्या मुलाकडे लपवायला काही नाही, त्याला या दहा मिनिटांचा त्रास होणार नाही. ज्याला होईल, त्याला तो झालाच पाहिजे. हा प्रश्न नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विचारायला एक आमदार पुरतो, आणि त्या आमदाराला पत्र लिहायला तुमच्या सोसायटीतली वीस माणसे.